कमी कार्बनचे पोलाद: पाणी का घेत नाही, काय देते आणि कोठे वापरावे

सांगली भागात उसाच्या ट्रॉल्या तयार करणाऱ्या एका तरुण कारखानदाराने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्याकडे चासी, बॉडी, हुक, पिना असे सगळे काम एमएसमध्ये, म्हणजे माइल्ड स्टीलमध्ये होते. हुकाची पिन लवकर झिजते म्हणून त्यांनी ती लालबुंद तापवून पाण्यात बुडवली, तरीही तिच्यावर कानस सहज चालते. चासी भाराखाली झोल खाते, म्हणून हाय टेन्साइल, म्हणजे जास्त ताकदीची, प्लेट घ्यावी का, असाही त्यांचा विचार चालू आहे. या निमित्ताने त्यांना हेही समजून घ्यायचे आहे की कमी कार्बनचे पोलाद मुळात कसे असते, उद्योगात ते इतक्या ठिकाणी का वापरतात आणि कोठे वापरू नये.

मी धातुशास्त्राचा अभियंता असून पुणे परिसरातील प्रेस शॉप आणि फॅब्रिकेशनच्या कारखान्यांसाठी पोलाद निवडणे व तपासणे हे माझे रोजचे काम आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो. हे पोलाद ताकदीसाठी घ्यायचे नसते. ते वाकते, प्रेसमध्ये ओढले जाते, सहज वेल्ड होते आणि तुटण्यापूर्वी भरपूर ताणले जाते, म्हणून घ्यायचे असते. त्यामुळे तक्त्यातील ताकदीचा आकडा पाहण्याआधी, त्या तुकड्यावर आपल्या कारखान्यात पुढे कोणकोणत्या प्रक्रिया होणार आहेत हे ठरवावे. बहुतेक वेळा प्रत त्यावरूनच निश्चित होते.

साधारणपणे ०.२५ टक्क्यांपर्यंत कार्बन असलेल्या पोलादाला कमी कार्बनचे पोलाद म्हणतात. त्यापुढे सुमारे ०.६० टक्क्यांपर्यंत मध्यम आणि त्यावर उच्च कार्बनचे पोलाद मानले जाते. आकडे लहान दिसतात, पण त्यांचा परिणाम फार मोठा असतो, कारण सामान्य तापमानाला लोखंडाच्या स्फटिकात कार्बनला जवळजवळ जागाच नसते. फेराइट या लोखंडाच्या मऊ रूपात ७२७ अंश सेल्सिअसलाही फक्त ०.०२ टक्क्यांच्या आसपास कार्बन विरघळतो. उरलेला कार्बन लोखंडाशी संयोग पावून सिमेंटाइट नावाचा कठीण व ठिसूळ पदार्थ तयार करतो आणि तो फेराइटबरोबर एकाआड एक पातळ थरांत बसतो. या थरांच्या रचनेला पर्लाइट म्हणतात. कार्बन ०.८ टक्क्यांच्या जवळ असेल तर पूर्ण पोलाद पर्लाइटचे असते, ०.२ टक्के असेल तर पर्लाइट जेमतेम पाव हिस्सा असते. एमएसचा तुकडा पॉलिश करून त्यावर अल्कोहोलमध्ये मिसळलेले दोन टक्के नायट्रिक आम्ल काही सेकंद लावले आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तर पांढऱ्या दाण्यांचे विस्तीर्ण पटांगण आणि मधूनमधून काळपट बेटे दिसतात. पांढरे ते फेराइट, काळपट ते पर्लाइट. या पोलादाचा मऊपणा, चिवटपणा आणि आकार घेण्याची तयारी त्या पांढऱ्या भागातून येते.

आता पिनेकडे वळू. पोलाद लाल तापवून थंड केले की ते कडक होते, हे कार्बन पुरेसा असेल तेव्हाच खरे आहे. तापवल्यावर कार्बन ऑस्टेनाइट या रूपात विरघळतो, आणि झटकन थंड केले तर त्याला बाहेर पडायला वेळ मिळत नाही. तो स्फटिकात अडकून पडतो आणि मार्टेन्साइट हे कठीण रूप तयार होते. त्याचा कठीणपणा अडकलेल्या कार्बनच्या प्रमाणावर ठरतो. एमएसमध्ये एक तर कार्बन थोडा, आणि दुसरे म्हणजे साध्या कमी कार्बनच्या पोलादात ऑस्टेनाइटचे पुन्हा फेराइट-पर्लाइट होणे इतक्या झपाट्याने घडते की २५-३० मिलिमीटर जाडीच्या पिनेत पाण्याचा परिणाम अगदी वरच्या कातडीपलीकडे जात नाही. त्यातच गॅसच्या ज्योतीत उघड्यावर तापवल्यामुळे त्या कातडीवर पापुद्रा धरतो आणि तिथला होता तोही कार्बन जळून जातो. कानस चालते ती याच थरावर. पुन्हा तापवून, मीठ घातलेल्या पाण्यात बुडवून किंवा जुन्या तेलात टाकून यात फरक पडणार नाही.

मात्र याच पोलादाला बाहेरून कार्बन देता येतो, आणि वाहन उद्योगाचा फार मोठा भाग या एका प्रक्रियेवर उभा आहे. तुकडा ९०० ते ९५० अंश सेल्सिअसला कार्बनयुक्त वायूच्या भट्टीत काही तास ठेवला की पृष्ठभागात कार्बन शिरून तो ०.८ टक्क्यांच्या आसपास पोहोचतो. ९२५ अंशांना चार तासांत साधारण सव्वा मिलिमीटर खोलीपर्यंत कार्बन जातो, आणि खोली वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे दुप्पट खोलीसाठी चौपट वेळ लागतो. म्हणूनच दोन-अडीच मिलिमीटरची केस, म्हणजे कार्बन दिलेला बाहेरचा थर, मागणारे ड्रॉइंग आले की मी ते परत पाठवून कारण विचारतो. त्यानंतर तुकडा तेलात विझवून १५० ते २०० अंशांना टेम्पर केला, म्हणजे पुन्हा हलका तापवला, की पृष्ठभाग ५८ ते ६२ एचआरसी (रॉकवेल सी हे कठीणपणाचे माप) होतो आणि आतला गाभा कमी कार्बनचाच राहिल्यामुळे धक्का सोसतो. गाड्यांच्या गिअरबॉक्समधली बहुतेक दातेरी चाके, पिस्टनची पिन, साखळीच्या पिना अशाच तयार होतात. १६ एमएनसीआर ५ किंवा २० एमएनसीआर ५ या प्रतींमध्ये क्रोमियम आणि मँगनीज घातलेले असते, ते गाभ्यालाही पुरेशी ताकद यावी म्हणून. कार्बन तिथेही ०.२० टक्क्यांच्या आसपासच ठेवतात.

तुमच्या पिनांची संख्या बऱ्यापैकी असेल तर १६ एमएनसीआर ५ मध्ये पिना करून घ्या आणि वर सांगितलेल्या प्रक्रियेसाठी, म्हणजे केस कार्बुरायझिंगसाठी, हीट ट्रीटमेंटवाल्याकडे पाठवा. ड्रॉइंगवर केसची खोली ०.८ ते १.० मिलिमीटर आणि पृष्ठभागाचा कठीणपणा ५८ ते ६० एचआरसी असे स्पष्ट लिहा, आणि जिथे आटे आहेत किंवा पुढे वेल्डिंग होणार आहे तो भाग झाकून ठेवायला सांगा. संख्या थोडी असेल तर ईएन ८ या मध्यम कार्बनच्या पोलादाची पिन घेऊन झिजणाऱ्या लांबीवर इंडक्शन हार्डनिंग, म्हणजे विजेच्या कॉइलने फक्त पृष्ठभाग तापवून विझवणे, करून घ्या. ५० ते ५५ एचआरसी सहज मिळेल. हुकाच्या भोकात बदलता येणारा बुश (कडक नळीचा तुकडा) बसवा, नाहीतर कडक पिन मऊ भोक खात बसेल.

ईएन ८ घेतल्यावर मात्र एक पथ्य पाळावे लागते. एमएसच्या पिनेवर लहान रॉडने पटकन कडी चिकटवायची जी सवय असते, ती येथे चालत नाही. वेल्डिंगची सोय मोजण्यासाठी कार्बन इक्विव्हॅलंट हा आकडा वापरतात. त्यात कार्बनमध्ये मँगनीजचा सहावा भाग मिळवतात. क्रोमियम, मॉलिब्डेनम व व्हॅनेडियम यांच्या बेरजेचा पाचवा आणि निकेल व तांबे यांच्या बेरजेचा पंधरावा भागही त्यात धरतात. ०.१८ टक्के कार्बन आणि ०.८ टक्के मँगनीज असलेल्या एमएसला हा आकडा साधारण ०.३१ येतो, ०.४० टक्के कार्बन आणि तेवढेच मँगनीज असलेल्या ईएन ८ ला ०.५३ येतो. ०.४० च्या खाली, बेताच्या जाडीत, काही न तापवता वेल्ड करता येते. ०.५० च्या वर वेल्डशेजारचा तापलेला पट्टा भोवतालच्या थंड धातूमुळे विझल्यासारखा होऊन मार्टेन्साइट बनतो, रॉडच्या लेपातल्या ओलाव्यातून आलेला हायड्रोजन त्यात अडकतो आणि तडा काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, जातो. संध्याकाळी तपासून चांगले वाटलेले वेल्ड सकाळी तडकलेले सापडते, याचे कारण बहुधा हेच असते. ईएन ८ वर वेल्ड करणे टाळता येत नसेल तर तुकडा आधी तापवावा, ७०१८ जातीचे कमी हायड्रोजनचे रॉड ३०० ते ३५० अंशांना तास-दोन तास ओव्हनमध्ये वाळवून वापरावेत आणि जोड सावकाश थंड होऊ द्यावा. एमएसमध्येही प्लेट पंचवीस-तीस मिलिमीटरच्या पुढे गेली की थंड होण्याचा वेग वाढतो आणि आधी तापवण्याचा विचार करावाच लागतो.

चासीच्या झोलाविषयी मी जरा आग्रहाने लिहितो, कारण या गैरसमजापायी पैसे वाया गेलेले मी वारंवार पाहिले आहे. भाराखाली तुळई किती वाकेल हे धातूच्या ताकदीवर नव्हे, तर त्याच्या ताठपणावर म्हणजे स्थितिस्थापकता गुणांकावर आणि छेदाच्या आकारावर ठरते. हा गुणांक सर्व साध्या पोलादांचा सारखाच, सुमारे २०० गिगापास्कल असतो, कार्बन ०.१ टक्के असो की ०.६, प्लेट ई२५० प्रतीची असो की जास्त ताकदीच्या ई३५० ची, त्यात लक्षात घेण्याजोगा फरक पडत नाही. म्हणून त्याच मापाची हाय टेन्साइल चॅनल लावली तर चासी तितकाच झोल खाईल. फक्त कायमची वाकण्याची वेळ उशिरा येईल. झोल कमी करायचा तर छेदाची उंची वाढवावी. १०० मिलिमीटरची चॅनल काढून १२५ ची लावली तर वजन सुमारे ३७ टक्क्यांनी वाढते, पण उभ्या दिशेचा ताठपणा जवळपास सव्वादोन पट होतो. चासी भार काढल्यावर परत सरळ होत असेल तर मोठी चॅनल लावा. वाकलेलीच राहत असेल तर ई३५० चा विचार योग्य आहे.

ई३५० घेताना आणखी एक गोष्ट ध्यानात असू द्या. वारंवार हादरे खाणाऱ्या वेल्डच्या जोडाचे आयुष्य प्लेटच्या प्रतीवर जवळजवळ अवलंबून नसते. तडा वेल्डच्या काठावरच्या खाचेतून सुरू होतो आणि ती खाच ई२५० मध्ये जशी असते तशीच ई३५० मध्येही असते. ताकद जास्त म्हणून प्लेट पातळ केली की त्या जोडावरचा ताण वाढतो आणि चासी पूर्वीपेक्षा लवकर तडकते. ट्रॉलीत पुढची चाके वळवणाऱ्या टर्नटेबलजवळचे आणि स्प्रिंगच्या ब्रॅकेटचे जोड आधी तपासा. तेथे वेल्ड चासीच्या खालच्या पट्टीवर आडवे न घेता शक्य तेथे पोटाच्या, म्हणजे मधल्या उभ्या, पट्टीवर घ्यावे.

प्रतींच्या नावांचा गोंधळ मात्र सोपा आहे. प्लेट, अँगल, चॅनल, गर्डर यांसाठी आयएस २०६२ हे भारतीय मानक आहे. त्यातील ई२५० म्हणजे किमान २५० मेगापास्कल यील्ड (ज्या ताणाला धातू कायमचा वाकू लागतो तो) असलेले, किमान ४१० मेगापास्कल तन्यबळाचे (तुटण्यापूर्वी सोसलेला सर्वात मोठा ताण) आणि किमान २३ टक्के लांबणारे पोलाद. हे २० मिलिमीटरपेक्षा कमी जाडीसाठी आहे. जाडी वाढली की यील्डची अट २४० आणि ४० मिलिमीटरवर २३० पर्यंत उतरते. त्याच्या ए, बीआर, बीओ आणि सी अशा उपप्रती आहेत. ए मध्ये कार्बन ०.२३ टक्क्यांपर्यंत चालतो, सी मध्ये ०.२० पर्यंत, आणि बीओ व सी यांना अनुक्रमे शून्य व उणे २० अंशांना आघात चाचणी (थंड तुकड्यावर हातोडा पाडून चिवटपणा मोजणे) द्यावी लागते. ई३५० सारख्या वरच्या प्रतीतही कार्बन वाढवलेला नसतो, हे मला विशेष महत्त्वाचे वाटते. तेथे नायोबियम, व्हॅनेडियम किंवा टायटॅनियम अत्यल्प प्रमाणात घालून स्फटिकांचे दाणे बारीक करतात, त्यामुळे ताकद वाढते आणि वेल्डिंगची सोय शाबूत राहते.

२३ टक्के लांबणे म्हणजे काय, याचा अंदाज एका हिशेबाने येतो. २५० मेगापास्कलच्या ताणाला पोलाद जेमतेम ०.१२५ टक्के ताणलेले असते. तुटेपर्यंत ते त्याच्या सुमारे १८० पट ताणले जाते. ही सगळी वाट चालताना ते ऊर्जा शोषत असते आणि डोळ्यांना दिसेल असे वाकत, फुगत, पिळत असते. इमारतीचा सांगाडा, पूल, क्रेनचा हुक, वाहनाचा पिंजरा अशा ठिकाणी माणसाला बाजूला होण्यासाठी वेळ हवा असतो आणि तो या गुणामुळे मिळतो. एसटी महामंडळाने अॅल्युमिनियमच्या बांधणीऐवजी माइल्ड स्टीलच्या सांगाड्याच्या गाड्यांकडे वळण्यामागे प्रवाशांच्या सुरक्षिततेचाच विचार होता.

हा चिवटपणा तापमानावर अवलंबून असतो, हे जगाला महागात शिकावे लागले. १६ जानेवारी १९४३ रोजी अमेरिकेतील पोर्टलंड येथे धक्क्याला बांधलेले स्कनेक्टडी हे नवे तेलवाहू जहाज, समुद्र शांत असताना, एकाएकी मधोमध तडकले. त्या काळात घाईने वेल्ड केलेल्या इतर मालवाहू जहाजांतही असे तडे गेले. केंब्रिजच्या कॉन्स्टन्स टिपर यांनी दाखवून दिले की दोष एकट्या वेल्डिंगचा नव्हता. ते पोलादच विशिष्ट तापमानाखाली चिवट न राहता ठिसूळ होत होते, आणि सलग वेल्ड केलेल्या जहाजात तडा थांबवणारी रिव्हेटची सांधही उरली नव्हती. आपल्याकडच्या हवेत ट्रॉलीला ही भीती नाही. पण अमोनिया उणे ३३ अंशांना उकळतो, त्यामुळे शीतगृहांच्या आणि खत कारखान्यांच्या कामात ई२५० ए प्रतीची प्लेट वापरणे मला मान्य नाही. तेथे त्या तापमानाला आघात चाचणी झालेलाच माल हवा. दुसऱ्या टोकाला, आयएस ८०० या पोलादी बांधकामाच्या मानकातील सूत्रानुसार सुमारे ५६० अंशांना पोलादाची यील्ड ताकद निम्मी राहते, म्हणून बहुमजली सांगाड्याला आगीपासून संरक्षक आवरण द्यावेच लागते.

प्रेस शॉपमधले कमी कार्बनचे पोलाद याहून नाजूक जातीचे असते. आयएस ५१३ च्या थंड लाटलेल्या पत्र्यात ओ, डी, डीडी, ईडीडी (ही जुनी नावे, आता सीआर १ ते सीआर ४) अशा, अधिकाधिक खोल ओढ सोसणाऱ्या, चढत्या प्रती असून कार्बन ०.१५ पासून ०.०८ टक्क्यांपर्यंत उतरत जातो. गाडीच्या दरवाजाचा आतला पत्रा किंवा तेलाची टाकी यांसारख्या खोल ओढाच्या कामाला आयएफ, म्हणजे स्फटिकात मोकळे अणू नसलेले (इंटरस्टिशियल फ्री), पोलाद लागते. त्यात निर्वात प्रक्रियेने कार्बन ०.००५ टक्क्यांच्याही खाली नेतात आणि उरलेला कार्बन व नायट्रोजन टायटॅनियम किंवा नायोबियमशी बांधून टाकतात. हे का करतात, ते साठवलेल्या पत्र्यावर दिसते. मोकळे कार्बन व नायट्रोजनचे अणू स्फटिकातील दोषांना जाऊन चिकटतात. पत्रा ओढायला घेतला की तो एकसारखा न ताणता पट्ट्यापट्ट्यांनी ताणला जातो आणि रंग दिल्यावरही न लपणाऱ्या लाटा उमटतात. लाटणाऱ्या गिरणीत शेवटी एखाद्या टक्क्याचा स्किन पास, म्हणजे हलकी लाटणी, देऊन हा दोष दाबतात, पण पत्रा महिनोन्महिने गोदामात पडला तर तो परत येतो. चाकण, भोसरीच्या कारखान्यांत आधी आलेली कॉइल आधी वापरण्याचा नियम काटेकोरपणे पाळतात, त्यामागे हे कारण आहे. आयएफ पोलादात मोकळे अणूच नसल्यामुळे ही भीती राहत नाही.

कमी कार्बनच्या पोलादाचे सगळे गुण एकाच वस्तूत पाहायचे असतील तर स्वयंपाकघरातला १४.२ किलोचा गॅस सिलिंडर पाहावा. त्यासाठी आयएस ६२४० प्रमाणे तयार केलेला पत्रा वापरतात, ज्यात कार्बन ०.१६ टक्क्यांपेक्षा अधिक चालत नाही. गोल चकतीपासून प्रेसमध्ये दोन वाट्या ओढतात. एका वाटीची कड किंचित आत दाबून दुसरी तिच्यावर बसवतात आणि पोटाभोवती सबमर्ज्ड आर्कने (पावडरीच्या थराखाली होणाऱ्या वेल्डिंगने) एकच गोल वेल्ड घेतात. त्याआधी वरच्या वाटीला व्हॉल्व्ह बसवायचा आट्यांचा बंग वेल्ड केलेला असतो. मग पूर्ण सिलिंडर भट्टीतून काढून ओढाचे आणि वेल्डचे अंतर्गत ताण घालवतात आणि प्रत्येक नग पाण्याने २५ किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाबाला तपासतात. नमुन्याचे सिलिंडर फुटेपर्यंत दाब देऊन पाहतात. त्यात सिलिंडर आधी स्पष्ट फुगला पाहिजे आणि एका जागी फाटला पाहिजे, तुकडे होऊन उडता कामा नये. खोल ओढ, वेल्ड आणि फाटण्याआधीची ही फुगवट, या तिन्ही अटी एकत्र पूर्ण करण्यासाठी जास्त कार्बनचे पोलाद कितीही ताकदवान असले तरी उपयोगाचे नाही.

रासायनिक घटक सारखे असूनही माल वेगळा वागू शकतो, हे तारेच्या धंद्यात उत्तम दिसते. ५.५ मिलिमीटरच्या कमी कार्बनच्या वायर रॉडपासून डायमधून खेचत बारीक तार करतात. खेचल्याने ती कडक होते, आणि तशीच कापून डोके ठोकले की खिळा तयार होतो. तीच तार भट्टीत मऊ केली की सळ्या बांधायची काळी बाइंडिंग वायर होते, जी हाताने पिळता येते. ब्राइट बारचेही तसेच आहे: थंड खेचल्यामुळे त्याची यील्ड काळ्या बारपेक्षा बरीच जास्त असते, पण वेल्डची आच लागताच तेवढ्या भागातली ही वाढ निघून जाते. टीएमटी सळईत पोलाद कमी कार्बनचेच असते. एफई ५०० डी या तिच्या प्रतीला कार्बनची ०.२५ टक्क्यांची मर्यादा आहे. जालन्याच्या गिरण्यांत पाहा, लाटणीतून निघालेली लालभडक सळई पाण्याच्या नळकांड्यातून सुसाट जाते, तिची कातडी विझते आणि आतल्या गाभ्याच्या उष्णतेने टेम्पर होते. ५०० मेगापास्कलची ताकद त्या बाहेरच्या कड्यामुळे येते. म्हणून टीएमटीची सळई लेथवर सोलून तिचे बोल्ट किंवा पिना करू नयेत. सोलताना तोच कडक थर निघून जातो आणि हातात साधा गाभा उरतो.

बाकी उपयोग थोडक्यात सांगतो. आयएस १२३९ च्या पाण्याच्या नळ्या, खाद्यतेलाच्या डब्यांचा कथिल चढवलेला पत्रा, छपराचा जस्ताचा पत्रा, कुंपणाची जाळी, साखर कारखान्यातील टाक्या व प्लॅटफॉर्म, ४.६ वर्गाचे साधे बोल्ट, हे सगळे कमी कार्बनचे पोलाद. लेथच्या कामात ते कापणाऱ्या टूलच्या टोकाला चिकटते आणि आटे फाटल्यासारखे येतात, म्हणून ऑटोमॅटिक लेथवरील भागांसाठी ०.२ ते ०.३ टक्के गंधक घातलेले ईएन १ ए वापरतात. मात्र त्या गंधकामुळेच ईएन १ ए वेल्ड करताना गरम असतानाच तडकते, त्यामुळे वेल्ड होणाऱ्या भागाला ते देऊ नये.

या पोलादाची खरी उणीव गंज ही आहे, आणि कोकणपट्टीत समुद्रावरून येणाऱ्या खाऱ्या हवेत ती घाटमाथ्यापेक्षा कितीतरी जास्त जाणवते. रंगाचे आयुष्य रंगाच्या कंपनीपेक्षा खालच्या तयारीवर ठरते; गिरणीचा निळसर पापुद्रा ब्लास्टिंगने पूर्ण काढून त्याच दिवशी, शक्य तर चार तासांत, प्राइमर बसला पाहिजे. गॅल्व्हनायझिंग करायचे असेल तर पोलादातील सिलिकॉन आधी पाहा. सुमारे ४५० अंशांच्या वितळलेल्या जस्तात ०.०४ ते ०.१२ टक्के सिलिकॉन असलेले पोलाद बेसुमार जस्त ओढते आणि करडा, जाड, टवके उडणारा थर देते, ०.२५ च्या वरही तसाच त्रास होतो. आयएस २०६२ मध्ये सिलिकॉन ०.४० पर्यंत चालत असल्यामुळे माल मानकात बसूनही गॅल्व्हनायझिंगला वाईट निघू शकतो. ही अट खरेदीच्या ऑर्डरवर वेगळी लिहावी लागते.

खरेदीविषयी शेवटचे. इंडक्शन भट्टीच्या सिलिकेच्या अस्तरात फॉस्फरस काढता येत नाही आणि भंगारातले तांबे तर कोणत्याच भट्टीत जात नाही, त्यामुळे अशा मालाची गुणवत्ता भट्टीत काय टाकले यावर अवलंबून राहते. शेड, गेट, ग्रिल यांना तो पुरेसा आहे; ट्रॉलीच्या हुकाला आणि चासीला मी टेस्ट सर्टिफिकेट असलेला मालच घेईन, आणि त्यावरचा हीट नंबर (भट्टीच्या त्या घाण्याचा क्रमांक) प्लेटवर पंच केलेल्या नंबराशी जुळतो का हे स्वतः पाहीन. वजनही तपासावे: ५० बाय ५० बाय ६ ची अँगल मीटरला ४.५ किलो भरते, आणि गोल बारचे मीटरमागचे वजन व्यासाचा वर्ग भागिले १६२ या सूत्राने निघते, म्हणजे १२ मिलिमीटरला ०.८८९ किलो. शंका आली तर एक तुकडा रासायनिक घटक मोजणाऱ्या स्पेक्ट्रो चाचणीला पाठवावा. निकाल येईपर्यंत कारखान्यातच करण्यासारखी एक चाचणी आहे: प्लेटमधून दीड इंच रुंदीची पट्टी कापून, जाडीच्या दुप्पट व्यासाच्या बारभोवती प्रेसवर पूर्ण १८० अंश वळवावी. चांगले ई२५० बाहेरच्या बाजूला तडा न जाता वळते. पट्टीच्या कडा मात्र आधी ग्राइंडरने गुळगुळीत कराव्यात, कारण शिअरिंगच्या (पत्रा कापण्याच्या) कडेवरचा बूर, म्हणजे धारदार खरखर, हीच तडा सुरू होण्याची जागा असते आणि तो राहिला तर चांगला मालही या चाचणीत नापास ठरतो.